सांगणारा कुठं उभा होता

मंगलनं परातीतला एक खडा निवडून अंगणात भिरकावला आणि डोळे मिटून म्हणाली, "कथानक म्हंजे घडलेल्या गोष्टींची मांडणी. एकीमुळं दुसरी, दुसरीमुळं तिसरी."

"नुसती एकीनंतर दुसरी चालेल का?"

"न्हाई. मुळं पायजे."

शिवांजलीनं मान हलवून पान उलटलं. मायलेकी यंदा एकाच परीक्षेला बसणार होत्या. लेक विट्याच्या कॉलेजातून, रीतसर. आई सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून. मंगल गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती आणि सेविका व्हायचं तर बारावी पास लागते, हे वरच्या मॅडमनी तिला दोनदा ऐकवलं होतं. बाकीचे विषय तिनं कसेबसे आवरले होते. मराठीच्या पुस्तकाच्या शेवटी कथेबद्दल जी माहिती दिली होती, तिनं मात्र तिचा घाम काढला होता. कथानक, पात्र, वातावरण, संघर्ष, निवेदक. कथा ऐकावी, रडू आलं तर रडावं, हसू आलं तर हसावं. तिचे असे तुकडे कशाला करायचे, तो काय बोकड आहे वाटे घालायला, असं तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

शिवांजली हुशार पोरगी. तिनं नेम घालून दिला, प्रत्येक शब्दाला आईनं घरातलं नाहीतर गल्लीतलं उदाहरण द्यायचं. तेव्हापासून गाडी रुळावर आली. पात्र म्हटल्यावर मंगलनं शेजारच्या रंगुबाईचं नाव घेतलं आणि तिचं पात्रचित्रण इतकं रंगवलं की दोघी हसून लोळल्या. संघर्ष म्हटल्यावर तिला सासू आठवली, जिनं गॅस आला त्या वर्षी चूल मोडू दिली नव्हती. वातावरण म्हटल्यावर ती अंगणाकडं बघत म्हणाली, "हितलं. उद्याचं."

उद्या आप्पासोचं दुसरं श्राद्ध होतं. त्यासाठीच तांदूळ निवडायला घेतला होता. शिवांजलीनं आईकडं पाहिलं आणि घाईनं पुढचा शब्द घेतला.

"निवेदक. म्हणजे गोष्ट सांगणारा. एक निवेदक सगळं जाणतो. कुणाच्या मनात काय आहे, बंद खोलीत काय चाललंय, सगळं."

"रंगुबाई," मंगल म्हणाली. "आटपाडीच्या लग्नाला गेली नव्हती, पर नवरीच्या पोटात गोळा आला ते तिला म्हाईत."

"बरोबर. आणि दुसरा असतो तो 'मी' म्हणून सांगतो. त्याला फक्त त्यानं पाहिलेलं, ऐकलेलं सांगता येतं. त्यानं पाहिलं नाही तेही तो सांगायला लागला, तर दोन गोष्टी असतात. एक तर लिहिणारा चुकलाय. नाहीतर तो 'मी' तिथं होता आणि होतो म्हणत नाही." तिनं पेन्सिलीनं खूण केली. "सर म्हणतात, गोष्ट वाचताना सगळ्यात आधी बघायचं, सांगणारा कुठं उभा आहे."

मंगलला ते आवडलं. हात पुसून तिनं ते वाक्य आपल्या वहीत उतरवून घेतलं आणि पुन्हा तांदळाला लागली.

संध्याकाळी जयराज आला. आप्पासोचा धाकटा भाऊ, मंगलचा दीर. गावात दर दोन घरांआड एकाचं सोन्याच्या गलाईचं दुकान परमुलखात कुठंतरी आहे. कुणाचं केरळात, कुणाचं पंजाबात. या दोघा भावांचं तामिळनाडूत, सेलमला. सराफांकडून जुनं सोनं आणायचं, भट्टीवर वितळवायचं, तेजाबात उकळून शुद्ध करायचं आणि परत द्यायचं. आप्पासोनं वीस वर्षं ते केलं आणि दोन वर्षांपूर्वी, जानेवारीतच, तेजाबाच्या धुरानं दुकानातच गेला. तेव्हापासून दुकान जयराज एकटा बघत होता.

आणि आता तो ऋषिराजला न्यायला आला होता. ऋषिराज मंगलचा थोरला, वीस वर्षांचा. श्राद्ध बुधवारी, निघणं गुरुवारी रात्री.

मंगलच्या मनातून पोराला पाठवायचं नव्हतं. ज्या दुकानानं नवरा खाल्ला त्याच दुकानात पोरगा घालायचा, या विचारानं तिची झोप गेली होती. पण नको म्हणायला कारण लागतं, ते तिच्यापाशी नव्हतं. जयराजनं दोन वर्षांत घराकडं पाठ फिरवली नव्हती. शिवांजलीच्या कॉलेजचं त्यानंच बघितलं. आणि पोरगा तर एका पायावर तयार होता. चुलत्यानं नादी लावलं, असं मंगलला वाटायचं. तिनं ते कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

रात्री जेवताना जयराज ऋषीला म्हणाला, तितं गेल्यावर आधी सहा महिने नुसतं बघायचं, हात लावायचा न्हाई. ऋषी खाली मान घालून व्हय म्हणाला. मंगल भाकरी थापत होती. तिची एक भाकरी तव्यावर करपली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घर माणसांनी भरलं. भटजी येऊन गेले. रंगुबाईनं खीर केली, पुरुषांची पंगत पुढच्या सोप्यात बसली. पहिली वाढ झाली आणि कुणीतरी आप्पासोचा विषय काढला. काढणारच. मग सगळ्यांचे डोळे जयराजकडं वळले, कारण ती गोष्ट सांगायचा मान त्याचा होता.

जयराज गोष्ट चांगली सांगायचा. आवाज खाली आणून, थांबून, मधेच पाण्याचा घोट घेऊन. तेराव्याला त्यानं एवढंच सांगितलं होतं की, मी माल द्यायला इरोडला गेलेलो, संध्याकाळी आलो तर शटर आतून बंद, लोकांनी कापलं तवा आप्पा भट्टीपाशी पडलेला. वर्षश्राद्धाला गोष्टीत पाण्याची कळशी आली. ती कलंडली होती, म्हणजे आप्पासोनं पाणी शोधलं असणार. तेव्हा बायकांच्यात रडारड झाली होती.

आज त्यानं अजून आत नेलं.

"भट्टीवरनं तांबडा धूर उठला," तो म्हणाला. "आप्पाचं डोळं गेलं, दिसंना. तशात चाचपडत शटरपाशी आला. हातात सांडशी हुती. तिनं शटरवर मारलं. तीन डाव. मग थांबला. परत तीन डाव. मग नुसतं दोन. शेवटाला हातानंच मारलं असंल, आवाज बसका आला की त्यो."

म्हातारे चुकचुकले. रंगुबाईनं पदर तोंडात धरला. मंगल वरणाचं भांडं घेऊन पंगतीत उभी होती, तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. ते गालावर यायच्या आत काहीतरी आत अडलं.

सेलमपासून इरोड दीड तासावर आहे. हे तिला ठाऊक होतं, कारण तिनं तेव्हा विचारून घेतलं होतं. तू तितं असतास तर वाचला असता का, एवढंच तिला त्या वेळी कळून घ्यायचं होतं. दीड तास म्हटल्यावर तिनं दिराला मनोमन मोकळं केलं होतं. आणि आज तोच माणूस मारल्याचे डाव मोजून सांगत होता.

तिनं स्वतःला दटावलं. सांगणारा चार शब्द पदरचे घालतोच. रंगुबाई नाही का घालत. पण रंगुबाई पदरचं घालते ते नवरीच्या पोटात गोळा आला असलं, कुणालाही सुचेल असलं. तीन, मग तीन, मग दोन, हे कुणाला सुचत नाही. आणि शेवटचा आवाज बसका होता, हे तर नाहीच.

ती वाढत वाढत जयराजच्या पानापाशी आली, वरण घातलं आणि हळूच म्हणाली, "शेजारच्या दुकानदारांनी ऐकलं व्हय हो, भाऊजी?"

"शेजारी कुठलं, वैनी. पेठ बंद हुती त्या दिवशी. चिटपाखरू नव्हतं."

असं म्हणून त्यानं भात कालवला. मग त्याचा हात पानावरच थांबला. मंगल भांडं घेऊन तिथंच उभी होती. त्यानं वर बघितलं नाही. बोटांत धरलेला घास त्यानं परत भातात मिसळला, पाणी मागितलं, आणि तांब्या आल्यावर प्यायचं विसरला. पलीकडच्या म्हाताऱ्यानं ऊसतोडीचा विषय काढला तसा तो लगेच त्यात शिरला.

दुपारी मंगल भांडी घासायला बसली. लग्नाच्या पहिल्या वर्षी आप्पासोनं तिला दुकानाची रीत सांगितली होती, ती तिच्या डोक्यातून जाईना. भट्टीवर माल चढवला की शटर बाहेरून ओढून कुलूप घालायचं. गिऱ्हाइकाचं सोनं, कुणी आत घुसू नये म्हणून. एक भाऊ आत, एक भाऊ बाहेर. किल्ली बाहेरच्याच्या खिशात, आणि त्यानं समोरच्या कट्ट्यावर बसून राहायचं, आतून ठोकलं की उघडायचं. तेव्हा ती घाबरली होती. कोंडून घेता व्हय, म्हणाली होती. तो हसला होता. म्हणाला होता, बाहेर जय असतोय की.

इरोडची हकिगत आली तेव्हा तिनं ही रीत बाजूला ठेवली. बाहेर कुणी नसेल तर माणूस आतूनच लावणार, असं तिनं धरलं. एकटा असताना आप्पासो भट्टी कशाला पेटवील, हा प्रश्न तेव्हा मनात आला नव्हता, की आला आणि तिनं दाबला, ते तिला आता नीट आठवेना. तिला नवऱ्याची आणि स्वतःची, दोघांची कीव आली. दोन वर्षं ती समजत होती की दिराची गोष्ट दर खेपेला वाढते. ती वाढत नव्हती. माणसाच्या पोटात होती ती थोडी थोडी बाहेर येत होती.

काय झालं असेल, ते तिला कळत नव्हतं. कट्ट्यावर झोप लागली असेल. किल्ली सापडली नसेल. दारू प्यायला असेल. धूर बघून घाबरला असेल. नाहीतर यातलं काहीच नसेल, किल्ली हातात असेल आणि माणूस नुसता उभा असेल. या शेवटच्यापाशी आली की तिच्या अंगावर काटा यायचा आणि ती पुन्हा झोपेपासून सुरुवात करायची. एक मात्र तिनं पक्कं केलं. पोरगं त्या माणसाबरोबर जाणार नाही. त्या शटरच्या आत बसायला, आणि किल्ली याच्या खिशात, तर नाहीच नाही.

गुरुवारी सकाळी जयराज नदीकडच्या मळ्यात गेला होता. ऋषी आतल्या खोलीत बॅग भरत होता. मंगल दार ओढून घेऊन आत आली आणि म्हणाली, "तू जायचं न्हाईस."

त्यानं शर्टाची घडी मोडून पुन्हा घातली. "का?"

तिला सगळं एकदम सांगायचं नव्हतं. तरणं पोर, डोक्यात राख घालून घेईल, काहीबाही करून बसेल, ही भीती होतीच. ती म्हणाली, माझं मन घेत नाही. बापाची जागा आहे. शिवांजलीच्या परीक्षेपर्यंत तरी थांब. ऋषी ऐकून घेत होता आणि घड्या घालत होता. शेवटी तिच्याच्यानं राहवलं नाही.

"काल काकानं सांगितलं ते ऐकलंस न्हवं? सांडशीचं?"

"ऐकलं."

"ते त्याला कसं कळलं, रिषी?"

ऋषीनं हातातला शर्ट बॅगेत ठेवला. मग पलंगाच्या कडेवर बसला आणि आईला हातानं शेजारी बसवलं. त्याचा चेहरा अगदी शांत होता. आपण पोराला घाबरवायला आलो आणि ते आपल्याला सांभाळून घ्यायला लागलंय, असं तिला वाटलं.

"मला म्हाईत हाय," तो म्हणाला.

"काय म्हाईत हाय?"

"शिवी तुला शिकवती ते आमालाबी हुतं बारावीला. आप्पाचं तेरावं झालं, मी कॉलेजात गेलो, त्याच आठवड्यात सरांनी घेतलं. निवेदक कुठं उभा हाय बघा, म्हणले. तेराव्याला काकानं मला एकट्याला जवळ घेतलं हुतं. रडत हुता. म्हणाला, आप्पानं शेवटाला 'जय' म्हणून हाक मारली रं, दोनदा. मला तवा बरं वाटलं. वर्गात बसल्यावर कळलं."

दोन वर्षं मंगलचा पोरगा हे घेऊन तिच्याच ताटाला ताट लावून जेवत होता. सणाला चुलत्याच्या पाया पडत होता. तिला भडभडून आलं, आणि तेवढ्यात तिला कळलं की ती चुकीच्या गोष्टीसाठी रडायला लागली आहे.

"मग तू त्याच्या नादानं कसा काय..."

"त्यो न्हाई माझ्या मागं लागला. मी त्याच्या मागं लागलो. दीड वर्स. त्यो न्हाईच म्हणत हुता."

"कशाला?"

ऋषीनं बॅगेची चेन ओढली. ती मधेच अडकली, ती त्यानं सावकाश मागं घेऊन पुन्हा सरळ ओढली.

"सहा महिने नुसतं बघायचं म्हणालाय. बघीन. मग एक दिवस त्यो आत आसंल आन मी बाहेर." तो उठला. "मी जास्त काय करणार न्हाई, आई. नुसतं कट्ट्यावर बसणार. तीन डाव वाजलं की इचारणार, तवा तू कुठं हुतास."

एवढं बोलून तो केस कापायला आणि बूट आणायला म्हणून विट्याला गेला. साडेचारपर्यंत येतो, म्हणाला. जाताना पाया पडला. मंगल पलंगावर बसून राहिली. कालपासून तिला वाटत होतं की घरात एकच माणूस धोक्याचा आहे, आणि तो सोप्यातल्या खाटेवर झोपतो. पोराच्या जिवाची भीती होती तोपर्यंत तिला करायचं काय ते ठाऊक होतं. आता भीती तीच होती आणि ती उलटी फिरून पोराच्याच हातात आली होती. नवरा गेला तो गेला. आता पोरगा जेलात जाईल. आणि जेलात नाही गेला, कुणाला कधी कळलंच नाही, तर तो घरी येऊन भाऊबंदांच्या पंगतीत बसेल आणि चुलता कसा गेला ते सांगेल. आवाज खाली आणून, थांबून, मधेच पाण्याचा घोट घेऊन. तिला ते स्वच्छ दिसलं.

जयराज बाराच्या सुमाराला आला. तिनं त्याला जेवायला वाढलं. शिवांजली कॉलेजात होती. जेवून तो सोप्यात खाटेवर येऊन बसला तेव्हा मंगल चौकटीला टेकून उभी राहिली.

"भाऊजी, दोनची कऱ्हाड एसटी हाय. तिनं जावा तुमी. एकटं."

"रातच्या गाडीची तिकिटं काढल्यात की, वैनी. रिषीचंबी."

"रिषी येणार न्हाई."

"का बरं?"

"तुमी कुठं हुता, ते त्याला ठावं हाय."

कसलं कुठं, असं जयराजनं विचारलं नाही. तो विचारेल, हसेल, चिडेल, नाहीतर इरोडच्या सराफाचं नाव घेऊन शपथ वाहील, या सगळ्याची मंगलनं मनात तयारी ठेवली होती. कुठंतरी तिला अजून आशा होती की तो यातलं काहीतरी करेल. त्यानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुसतच राहिला.

"तवा तेराव्यापासनं ठावं हाय," ती म्हणाली. "त्यो काम शिकाय येत नव्हता तुमच्याकडं."

आता मात्र त्यानं वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलेलं तिला दिसलं. दीड वर्ष मागं लागलेलं पोर त्याला आठवत असणार, त्यानं केलेले फोन, काका मला शिकव म्हणून धरलेले पाय. तो उठला. खुंटीवरचा टॉवेल, चार्जर, दाढीचं सामान, एकेक करून पिशवीत भरायला लागला. ते बघून मंगलला बरं वाटलं नाही. हाच माणूस नवीन लग्नात तिला विट्याहून चोरून भेळ आणून द्यायचा. आज ती त्याला वाचवत होती, आणि त्याच्यासाठी वाचवत नव्हती, आणि हे दोघांनाही कळत होतं.

पिशवी घेऊन तो उंबऱ्यापर्यंत गेला. चपला घातल्या. मग वळला.

"वैनी, एकदा ऐकून घ्या. मला कुणाला तरी सांगितलंच पायजे. त्या दिवशी..."

"नगा सांगू."

"सगळं सांगतो. पहिल्यापासनं."

दोन वर्षं मंगलनं रात्री छताकडं बघत तो एक तास मनात चालवला होता. आप्पासो काय म्हणाला असेल, कुणाचं नाव घेतलं असेल, किती वेळ लागला असेल. ते सगळं आता हातभर अंतरावर एका माणसाच्या तोंडाशी आलं होतं आणि तो माणूस काही मागत नव्हता, नुसतं सांगायला बघत होता. तिला ते हवं होतं. आजवर कशासाठी तिचा जीव एवढा तुटला नव्हता.

"मला कळलं तर रिषी इचारंल," ती म्हणाली. "आन त्याच्यापुढं मला खोटं बोलाय येत न्हाई. मी खरं सांगितलं, की त्यो तुमच्या मागनं सेलमला येईल. तुमी जावा."

"वैनी, किल्ली माझ्या..."

तिनं दोन्ही हात कानांवर घट्ट दाबून धरले. जयराज बोलत राहिला. तो थांबेल असं तिला वाटलं होतं, तो थांबला नाही. त्याचे ओठ हलत होते, मान हलत होती, एकदा त्यानं मूठ वळून हवेत ठोकल्यासारखं केलं. ओठांवरून शब्द कळू नयेत म्हणून तिनं नजर खाली त्याच्या चपलांवर नेली आणि तिथंच ठेवली. कानात नुसती स्वतःच्या रक्ताची घरघर ऐकू येत होती. बऱ्याच वेळानं त्या चपला वळल्या, पायरी उतरल्या आणि अंगणातून फाटकाकडं गेल्या. त्या रस्ता ओलांडून दिसेनाशा झाल्यावरच तिनं हात काढले.

ऋषी साडेचारला आला. केस बारीक कापलेले, पायात नवे बूट. सोप्यातली खाट मोकळी, खुंटी मोकळी बघून तो जागीच थांबला.

"गेला?"

"गेले. दोनच्या गाडीनं. मीच जा म्हणलं."

ऋषी फाटकापर्यंत जाऊन परत आला.

"काय बोलला?"

"बोलले लय. मी ऐकलं न्हाई."

त्यानं आईच्या तोंडाकडं बघितलं. किती तरी वेळ बघितलं. ती खरं बोलत होती आणि ते त्याला दिसत होतं, म्हणूनच बहुधा त्याला दुसरं काही विचारता येईना. तो खाटेवर बसला, बूट न काढता. तिकीट मोबाइलवर होतं. गाडी विट्याहून साडेआठला होती.

मंगल आत गेली नाही. ती दारात, उंबऱ्यावर बसली, पाठ चौकटीच्या एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला लावून. ऊन उतरलं. शिवांजली कॉलेजातून आली तेव्हा तिला आईच्या पायांवरून ओलांडून आत यावं लागलं. भावाच्या पायातले बूट, काकाची मोकळी खाट, आई अशी बसलेली. तिनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि दप्तर हातातच धरून उभी राहिली.

"आई, तिन्हीसांजेचं उंबऱ्यावर बसू नये," शेवटी ती म्हणाली.

"बसू दे," मंगल म्हणाली. "तू दिवा लाव."